नकाराचा चहा

दवाखान्यात तिला सगळे थांबाताई म्हणायचे. तोंडावर ‘सिस्टर’ आणि पाठ वळली की थांबाताई. हे नाव मोठ्या डॉक्टरांनी ठेवलं होतं आणि ते काही कौतुकानं ठेवलं नव्हतं. त्यांच्या विभागात नव्या औषधांच्या चाचण्या चालत. त्या चाचण्यांत भाग घेणाऱ्या माणसांना सगळं समजावून सांगायचं आणि मग त्यांची संमती घ्यायची, हे काम हिच्याकडे होतं. माणूस पेन उघडून सहीला वाकला की ही म्हणायची, “थांबा. मी काय सांगितलं ते आधी मला सांगा पाहू.” सांगता आलं नाही की पुन्हा पहिल्या पानापासून. सांगता आलं तरी त्या दिवशी सही नाहीच. घरी जा, कोणाशी तरी भांडा, रात्रभर झोपा आणि उद्या या.

मोठे डॉक्टर कपाळाला हात लावायचे. “थांबाताई, तुमच्यापायी विज्ञान दहा वर्षं मागे राहिलं.”

“विज्ञानाला एवढी घाई असेल तर त्यानं येऊन सही करावी,” ती म्हणायची आणि पुढच्या माणसाला आत बोलवायची.

हे सगळं आता जुनं झालं. तिला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, मोठे डॉक्टरही कधीच मुलाकडे राहायला गेले होते. आणि आज संध्याकाळी ती घरीच, दादाच्या टेबलापाशी, तसाच पंधरा पानांचा कागद घेऊन बसली होती. फरक एवढाच की या वेळी संमती दादाची हवी होती.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, घड्याळजी. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. हिरवं कापड घातलेलं टेबल, वाकड्या मानेचा दिवा, स्क्रूंचे बारके खण, चिमटे, आणि डोळ्याला लावायचं काळं भिंग. दोघांनीही लग्न केलं नाही. तिचं एकदा ठरत आलेलं मोडलं, आणि त्याचं कधी ठरवायलाच कोणी बसलं नाही. त्यामुळे पंचेचाळीस वर्षं दोघं एका छपराखाली भांडत सुखानं राहिली. तो तिला अजून ‘बारके’ म्हणायचा. बारकी आता सहासष्ट वर्षांची होती आणि दारातून आत येताना दार दोन्ही बाजूंनी भरायची, पण हाक काही बदलली नाही.

आधी दादाचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण गेले नाहीत. नजरेच्या मधोमध एक डाग पडला आणि कडेकडेनं तेवढं दिसत राहिलं. त्यानं लोकांची घड्याळं परत केली, भिंतीवर स्वतःचं एक ठेवलं, आणि टेबलापाशी बसणं मात्र सोडलं नाही. मग गेल्या वर्षी दम लागायला लागला. फुप्फुसं आतून राठ होत चालली होती. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं तर तो तीनदा टेकायचा आणि तिन्ही वेळा बुटाची नाडी बांधायला वाकल्याचं नाटक करायचा, तेही नाडी नसलेल्या बुटांवर. दवाखान्यात सांगितलं, यावर रामबाण असं काही नाही. दोन वर्षं, फार तर तीन.

मग परवा नव्या सिस्टरचा फोन आला. नवी सिस्टर म्हणजे ताईच्या जागेवर आलेली मुलगी. तिलाही आता बारा वर्षं झाली होती, पण ताईसाठी ती नवीच. निवृत्त होण्याआधी चार वर्षं ताईनंच तिला हाताखाली घेऊन शिकवलं होतं. एका नव्या औषधाची चाचणी सुरू होत होती. फुप्फुसांचं राठ होणं त्यानं कदाचित हळू होईल असं वाटत होतं. दादा त्या चाचणीच्या अटींत बसत होता.

‘कदाचित’ हा शब्द ताईनं आयुष्यभर हजारो माणसांना तीन-तीनदा ऐकवला होता. त्या दिवशी फोनवर तिनं तो ऐकलाच नाही.

आज सकाळी दवाखान्यात जाऊन तिनं कागद घेतला. नवी सिस्टर जरा चाचरत म्हणाली, “ताई, मी येऊन वाचून दाखवू का दादांना? म्हणजे तुम्हीच म्हणायचात ना, घरच्यांनी वाचायचं नाही. घरच्यांचा जीव गुंतलेला असतो, ते शब्दांना साखर लावतात.”

“मला शिकवतेस?” ताई म्हणाली.

बिचारीनं कागद दिला आणि उद्या सकाळी फोन करते म्हणाली.

खरं तर ताई शिकली ती कोणाकडून? एका पहारेकऱ्याकडून, आणि याच टेबलावर.

ती तेव्हा पंचविशीतली होती, चटपटीत, आणि कामाचा उरक भारी. सांधेदुखीच्या एका औषधाची चाचणी होती आणि गोदामावरचा एक म्हातारा पहारेकरी भरती होता. तिनं दोन मिनिटांत कागद वाचला, त्यानं मान हलवली, तिनं अंगठा घेतला. पुढे औषधानं त्याला चक्कर यायला लागली. तो कोणाला बोलला नाही. साहेबांनी फुकट दिलेलं औषध, त्याला नावं कशी ठेवायची? तो न्हाणीघरात पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ती धावत गेली तर तो तिलाच समजावत होता. “बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. नाही म्हटलं असतं तर माझी खाट काढून घेतली असती ना? मग हो म्हटलेलंच बरं.”

त्या संध्याकाळी ती घरी येऊन रडली. दादा डोळ्याला भिंग लावून कोणाच्या तरी मनगटी घड्याळात वाकला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, “त्याला ठाऊक होतं का, नाही म्हणता येतं ते?”

“कागदावर लिहिलंय, दादा.”

“कागदावर काय लिहिलंय ते मी विचारत नाहीये.”

ती जेवायलाही उठली नाही.

पुढच्या चाचणीचा कागद कच्चा होता तेव्हाच ती तो घरी घेऊन आली. “ऐक,” म्हणाली, “तुला कळलं तर सगळ्यांना कळेल.” दादा शाळेत सातवीला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा उठला, त्यामुळे यात थोडा टोमणा होता, पण तो ऐकायला लागला. चौथ्या पानावर ती आली आणि तिनं वाचलं, “सहभागास नकार दिल्यास आपणांस देय असलेल्या उपचारसेवांवर कोणताही विपरीत परिणाम संभवत नाही.”

दादानं भिंग काढून टेबलावर ठेवलं. “हे कोण बोलतंय? आणि कोणाशी?”

“रुग्णाशी.”

“भांडण झालंय का त्यांचं?”

ती हसली, पण त्यानं विषय सोडला नाही. दोन संध्याकाळी तो चिमटे फिरवत पुटपुटत होता. तिसऱ्या दिवशी तिच्या पुढ्यात ताट ठेवता ठेवता म्हणाला, “हे लिही. ‘नाही म्हणालात तरी कोणी रागावणार नाही. तुमची खाट, तुमचं औषध, तुमचे डॉक्टर, सगळं आहे तसंच राहील.’”

दवाखान्यात अशा कागदांवर बसणारी एक समिती होती. चाचणीत माणसांच्या जिवाला आणि हक्काला धक्का लागत नाही ना, हे ती बघायची. ताईनं ते वाक्य समितीपुढे ठेवलं. समितीतले वकील म्हणाले, “रागावणार? राग हा कायद्यातला शब्द नाही.” त्यावर समितीतल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “नसेल. पण माणसाच्या पोटात भीती असते ती त्याचीच.” वाक्य मंजूर झालं. एवढंच नाही, तर तेव्हापासून त्या दवाखान्यातल्या प्रत्येक कागदावर, चौथ्या पानाच्या तळाशी, ठळक अक्षरांत ते छापलं जायला लागलं.

सातवी नापास माणसाचं वाक्य छापून आलं! दादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानंतर कुठलाही कागद आला की ती वाचायला सुरुवात करायच्या आधी तो विचारायचा, “माझं वाक्य आहे ना?” आहे म्हटलं की मग पुढे.

त्या संध्याकाळी आठवल्या की ताईला अजून गलबलून यायचं. ड्यूटी संपवून यायची, पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडायची आणि वाचायला लागायची. दादा कामात. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, त्यामुळे सात वाजायला लागले की दहा मिनिटं वाजतच राहायचे आणि तेवढा वेळ वाचन बंद. ती ‘यकृत’ म्हणाली की तो म्हणायचा, “लिव्हर म्हण गं, माणसांना लिव्हर कळतं.” एकदा कागदात ‘यादृच्छिक पद्धतीने’ असं आलं. दादा इतका हसला की त्याच्या हातून एक बारीक स्क्रू उडाला आणि दोघांनी अर्धा तास जमिनीवर रांगून तो शोधला. स्क्रू सापडला तिच्या घमेल्यात. कागदात मग ‘चिठ्ठ्या टाकून ठरवणार’ असं झालं, आणि मोठे डॉक्टर म्हणाले, हे काय लहान मुलांचं खेळणं चाललंय? पण त्या वर्षी पहिल्यांदा माणसं परत सांगताना अडखळली नाहीत, हेही त्यांनीच कबूल केलं. असल्या संध्याकाळी किती झाल्या असतील! तेव्हा त्यांची काही किंमत वाटली नाही. रोजचंच होतं ते.

आणि तो चहा.

तिच्या लक्षात आलं होतं की हो म्हणणाऱ्याला सगळे विचारतात. मोठे डॉक्टर हसून बोलतात, कोणीतरी खुर्ची पुढे करतं. नाही म्हणणारा मात्र मान खाली घालून, चोरी केल्यासारखा, भिंतीच्या कडेनं निघून जातो. तिनं फायलींच्या कपाटामागे एक शेगडी ठेवली. कोणी नाही म्हटलं की ती म्हणायची, “बसा. चहा घेऊन जा.” नियम दोनच. चहा तिनं स्वतः करून स्वतःच्या हातानं द्यायचा. आणि ‘का’ असं विचारायचं नाही, कितीही जिभेवर आलं तरी.

“हो म्हणणाऱ्याला सुई आणि नाही म्हणणाऱ्याला चहा!” मोठे डॉक्टर वैतागायचे. “उद्या सगळे नन्नाचा पाढा लावतील.” तसं काही झालं नाही. उलट माणसं चहा पिता पिता आपण होऊनच सांगायची. कोणाला सुईची भीती, कोणाची मुलगी बाळंतपणाला आलेली. एक धुणीभांडी करणारी बाई होती. तिनं सगळं नीट ऐकलं, नीट परत सांगितलं, दुसऱ्या दिवशी येऊन ठणठणीत नाही म्हणाली आणि बशीत चहा ओतत म्हणाली, “आजवर मला कोणी काही विचारलं नाही, सिस्टर. लग्नाचंसुद्धा नाही. पहिल्यांदा कोणी विचारलं, म्हटलं नाही म्हणून तर बघू, कसं वाटतं.”

“कसं वाटलं?”

“झकास,” ती म्हणाली आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.

दादा ही गोष्ट नेहमी पुन्हा सांगायला लावायचा. “ती झकासवाली सांग,” म्हणायचा.

तर अशी ही थांबाताई, आज दादासमोर कागद घेऊन बसली होती.

तिला ‘हो’ हवं होतं. दुसरं काही नको होतं. पहिलं पान उघडायच्या आधीच तिनं मनातल्या मनात दर मंगळवारी त्याला दवाखान्यात न्यायच्या रिक्षा ठरवून टाकल्या होत्या.

“वाच,” दादा म्हणाला. या वेळी त्यानं आपल्या वाक्याचा नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तिच्या ते लक्षात यायला हवं होतं.

ती वाचायला लागली. छत्तीस आठवडे. दर मंगळवारी दवाखान्यात यायचं, नळीत फुंकायचं, रक्त द्यायचं. हे सगळं तिनं खणखणीत वाचलं. निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, हे वाक्य आलं तेव्हा तिचा आवाज जरा पडला आणि वेग वाढला. ‘काही जणांच्या लिव्हरवर परिणाम होऊ शकतो’ याच्या आधी तिनं आपल्या पदरचा ‘थोडासा’ घातला. दादा डोळे मिटून ऐकत होता. छाती वरखाली होत होती, आणि प्रत्येक श्वासाला शेवटी एक बारीक करकर. ती करकर तिला वर्षभर उशाशी ऐकू येत होती.

चौथ्या पानाच्या तळाशी ती ठळक अक्षरं दिसली. तिनं ती पाहिली. मग तिनं बोट ओलं केलं आणि पान उलटलं.

पुढची अकरा पानं तिनं कशी वाचली ते तिचं तिला ठाऊक. शेवटी कागद मिटून ती म्हणाली, “झालं. आता सांग पाहू, मी काय सांगितलं.”

दादानं सांगितलं. छत्तीस मंगळवार, फुंकणी, रक्त, चिठ्ठ्या टाकून ठरणारी गोळी. एक शब्द चुकला नाही. तीस वर्षं ऐकून ऐकून तो हिच्या वरताण झाला होता. “आणि लिव्हरवर थोडासा परिणाम,” तो म्हणाला. मग डोळे उघडले. “बारके, माझं वाक्य कुठे गेलं?”

“कुठलं वाक्य?”

“माझं.”

“नसेल या कागदात,” ती म्हणाली. “आता सगळं नवीन झालंय, दादा. नवे लोक आहेत.” हे तर धडधडीत खोटं होतं.

“दे इकडे.”

त्यानं दिव्याची मान खाली ओढली, खणातून काळं भिंग काढून डोळ्याला लावलं, कागदाची चार पानं मोजली आणि तळाशी वाकला. नजरेच्या मधोमध डाग, त्यामुळे मान तिरकी करून, कडेनं, एकेक अक्षर पकडत तो चालला. ती बघत राहिली. दोन वर्षांत त्यानं भिंग लावलं नव्हतं. पूर्वी रोज दिसायची ती वाकलेली पाठ, ती पुढे आलेली मान, आणि ओठांची तीच पुटपुट.

“को... णी,” तो म्हणाला. “रा... गा... व... णा... र.” दम घ्यायला थांबला. “आहे की. चौथं पान, खालून दुसरी ओळ. जिथं असायचं तिथंच आहे.”

ताईनं तोंडाला पदर लावला.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान,” दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना.

“मला हो हवं होतं,” ती म्हणाली. “तू म्हणशील नाही, मला ठाऊक आहे तुझा हट्ट. आणि मग मी काय करू? या घरात एकटी काय करू मी? ते एक घड्याळ ऐकत बसू? मला तू हवा आहेस, दादा. बाकी मला काही कळत नाही.”

“मोठ्या डॉक्टरांनाही हो हवंच असायचं,” दादा म्हणाला. “त्यांची माणसं बरी व्हायला हवी होती, ते काय वाईट होते? म्हणून तर मधे तुला बसवलं होतं.”

ती रडत होती. त्यानं तिला रडू दिलं. पूर्वीसुद्धा तो असंच करायचा, स्क्रू शोधल्यासारखा खाली बघत बसायचा.

मग त्यानं कागद तिच्या हातात दिला. “वाच आता. सगळं नको, तेवढंच.”

तिनं वाचलं. “नाही म्हणालात तरी...” पुढे आवाज फुटेना. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण अर्धवट वाचलेलं चालत नाही हा तिचाच नियम. “नाही म्हणालात तरी कोणी रागावणार नाही. तुमची खाट, तुमचं औषध, तुमचे डॉक्टर, सगळं आहे तसंच राहील.”

“आणि तो थोडासा?”

“तो माझा. कागदात नाही.”

“हं,” दादा म्हणाला. “छान वाक्य आहे. कोणाचं गं?” आणि ती रडता रडता हसली. “उद्या सांगतो,” तो म्हणाला आणि दिवा मालवला.

या घरात सकाळचा चहा दादा करायचा. पंचेचाळीस वर्षं. तिची ड्यूटी सकाळची असायची, म्हणून तो आधी उठायचा, आणि ती निवृत्त झाल्यावरही ते तसंच चालू राहिलं. दम लागायला लागल्यावर तिनं दोनदा त्याच्या हातातून पातेलं काढून घेतलं होतं आणि दोन्ही वेळा त्यानं ते परत हिसकावलं होतं. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला की ती उठायची.

त्या सकाळी आवाज आला नाही.

ती दचकून उठली. पुढच्या खोलीत धावली. दादा टेबलापाशी बसला होता. दाढी केलेली, धुतलेला सदरा, आणि पुढ्यात हिरव्या कापडावर दोन कप ठेवलेले. दोन्ही रिकामे.

“ये,” तो म्हणाला. “आज चहा तू कर.”

ती तिथंच, दारात उभी राहिली. कळायला काही बाकी उरलं नव्हतं. शेकडो माणसांना ती हसतमुखानं ‘बसा’ म्हणाली होती, आणि तो शब्द कधी असा जड झाला नव्हता. जिभेवर एकच शब्द होता, ‘का’, आणि तो तिनं दात आवळून आत ठेवला.

“बस,” ती म्हणाली. तो बसलेलाच होता. “करते.”

पाणी ठेवलं, साखर घातली, किती घातली ते कळलं नाही. दूध उतू जायच्या बेतात आलं तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. कप तिनं स्वतः नेऊन त्याच्या हातात दिला आणि समोरच्या स्टुलावर बसली. काही विचारलं नाही.

दादानं फुंकर मारली. फुंकर पुरली नाही, पुन्हा मारली. दोन घोट घेतले.

“तू वाक्य गाळलंस म्हणून नाही म्हणतोय, असं मनात आणू नकोस,” तो म्हणाला.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“मला दर मंगळवारी तिकडे जाऊन नळीत फुंकायचं नाही. जाऊन आलो की दोन दिवस झोपून राहणार. म्हणजे आठवड्याचे तीन दिवस गेले. उरले चार.” त्यानं आणखी एक घोट घेतला. “मला इथं बसायचंय. तुझ्याशी भांडत. सगळेच्या सगळे दिवस.”

“मी काही म्हणाले का?” ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तिनं पुसलंही नाही.

“आणि कधी वाटलंच तर परत जाऊन विचारता येतं. सहाव्या पानावर आहे. ते बरं गाळलं नाहीस.”

तेवढ्यात फोन वाजला. नवी सिस्टरच. ताईनं फोन कानाला लावला. “ते नाही म्हणाले,” ती म्हणाली. मग एक श्वास घेऊन, “आणि नोंद कर. मी वाचताना चौथ्या पानावरचं वाक्य गाळलं होतं. आणि एक शब्द पदरचा घातला होता. त्यांनी पकडलं, मग मी नीट वाचलं. तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. मी वाचायला नको होतं.”

ताईला वाटलं, आता ही विचारेल, का नाही म्हणाले. नव्या मुली विचारतात. विचारलं तर काय सांगायचं, चार दिवसांचं की सगळ्या दिवसांचं, ते तिला सुचेना.

नवी सिस्टर हळूच म्हणाली, “ताई, त्यांना चहा दिलात का?”

ताईनं फोन तसाच दादापुढे धरला. दादानं चाचपडत तो हातात घेतला, कानाला लावला, आणि नव्या सिस्टरनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“दिला,” तो म्हणाला. “साखर दुप्पट झालीय, पण दिला हो.”

फोन ठेवून त्यानं रिकामा कप पुढे केला, आणि ती उरलेला चहा आणायला उठली.